उलटा ऐकलेला अल्बम

रेखा, तू गेलीस आणि गावातल्या बायकांना तुझी दया यायला लागली. रोज कोणी ना कोणी येतं. पदर तोंडाला लावायचा, भिंतीला टेकायचं आणि सुरू. "काय सुख बघितलं गं पोरीनं. ना नवरा, ना पोरबाळ. कंपनी नि घर, घर नि कंपनी." मी कोरा चहा आणून देते आणि गप्प बसते. सुतकाच्या घरात सुनेनं कोणाच्या तोंडाला तोंड द्यायचं नसतं, एवढं मला कळतं. पण परवा कप मोरीत असे आपटले की एकाचा कान तुटला.

सकाळी डबा भरून, स्कूटीची चावी हातात घेऊन तू ओट्यावर बसलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर हार्ट म्हणाले. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार, बाकीचं गावाला पाठ झालंय.

बायकांचं मी मनावर घेतलं नसतं. त्यांना काय माहीत. पण पाचव्या दिवशी आई पण तेच म्हणायला लागल्या. तुझी आई, माझी सासू. जिनं दोन म्हशी विकून तुझी बीएस्सी केली आणि तुझी स्थळं परतली तेव्हा "नाय तर नाय, पोरगी कमावती हाय" म्हणून मामांचं तोंड बंद केलं. ती बाई चटईवर बसल्या जागी एकच धरून बसली. "माझ्या पोरीनं काय बघितलं गं, सुनबाय. मी लगीन लावून द्यायला पायजे व्हतं." रडत नव्हत्या. डोळ्यांना पाणी नाही, नुसतं तेच तेच बोलणं. तुला सांगते, तू गेलीस त्याचं दुःख एकीकडे, आणि आई तुला दुर्दैवी ठरवून बसल्या त्याचा राग एकीकडे. दोन्ही एकदम अंगावर आलं माझ्या.

कारण तुझं सुख मी बघितलं होतं ना गं. मी शेजारी बसलेली असायचे.

आठवतंय, तो खोका तू आणलास तो दिवस? मी नवीन लग्न होऊन खोपोलीहून कडावला आलेली, आणि तू रसायनीच्या कंपनीत लॅबला नुकती लागलेली. कंपनीच्या कॉलनीतला कोणी साहेब बदली होऊन गेला आणि सीड्यांचा खोका गेटवर ठेवून गेला. कोणी हात लावेना. तू स्कूटीला सुतळीनं बांधून आणलास. मला वाटलं हिंदी गाणी असतील, म्हणून मी पीठ मळलेले हात घेऊन धावत आले. तू एक सीडी लावलीस आणि ते गाणं काही संपेना. मधेच थांबायचं, मधेच उधळायचं, बाई गायल्यासारखं वाटायचं तर ती बाई नसून कसलातरी पेटीसारखा आवाज. मी म्हटलं, प्लेयर बिघडला. तू कव्हर उलटंसुलटं करून बघितलंस. "नाय वैनी, बिघडला नाय. वीस मिनिटांचं एकच गाणं हाय."

"वीस मिनिटं? तेवढ्यात माझा कुकर होतो, भाकऱ्या होतात नि भांडी पण होतात."

"मग आजच्या दिवस भाकऱ्या ऱ्हाऊंदे," तू म्हणालीस, आणि मला हाताला धरून खाली बसवलंस. लग्न झाल्यापासून त्या घरात मला कोणी "काम राहू दे" म्हटलं नव्हतं. मी बसले ते गाण्यासाठी नाही, त्या वाक्यासाठी. गाणं नंतर आवडलं, पुष्कळ नंतर.

हे प्रोग्रेसिव्ह रॉक, हे मेटल, ही नावं आपल्याला तेव्हा कुठं माहीत होती. आपण त्याला "साहेबाची गाणी" म्हणायचो. खोक्यातली एकेक सीडी रविवारी काढायची आणि ती पूर्ण ऐकायची. आईंचा मात्र जाच. म्हशीचं दूध काढायच्या वेळी तू एकदा तो दोन्ही पायांनी वाजवायचा ड्रमवाला लावलास आणि म्हशीनं पान्हा चोरला. आईंनी गोठ्यातून जो उद्धार केला तो मी लिहीत नाही, वर देवाला ऐकू गेलाच असेल. तेव्हापासून ठरलं की दूध डेअरीला गेल्याशिवाय मागच्या खोलीतला प्लेयर सुरू व्हायचा नाही. आणि आई रविवारी त्या वेळेला गोठा धुवायच्या. त्या खोलीत त्या रविवारी कधी आल्याच नाहीत.

पुढं साजगावचा सचिन येऊ लागला. तिथल्या कारखान्यात फिटर, तुझ्या स्कूटीच्या मागं चिकटवलेला स्टिकर बघून त्यानं तुला खोपोलीच्या पेट्रोल पंपावर थांबवलं होतं. "ताई, तुमी हा बँड ऐकता?" त्याला वाटलं स्कूटी भावाची असेल. तू त्याला तिथंच उभ्या उभ्या त्या बँडचा कुठला अल्बम भिकार आहे ते ऐकवलंस आणि रविवारी ये म्हणालीस. त्यानं स्पीकर आणले, आणि तू कायदे केलेस. फोन स्वैपाकघरातल्या तांदळाच्या डब्यावर ठेवायचे. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. गाणं पुढं ढकलायचं नाही, नावडतं असलं तरी. आणि वीज गेली तर आल्यावर पहिल्यापासून लावायचं. पहिल्यापासून! एका पावसाळी रविवारी वीज इतक्यांदा गेली की संध्याकाळ झाली तरी आपण पहिल्या गाण्यातच. सचिन भुकेनं पिवळा पडला. "ताई, जिथं थांबलं तिथनं लावू की," तो काकुळतीला आला. तू म्हणालीस, "अर्ध्या जेवणावरनं उठलास, तर परत बसून काय ताकभातापासून सुरू करशील?"

मी शिलाईवाली बाई. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तू काही समजावलंही नाहीस. पण एक दिवस ब्लाउजची शिवण वाकडी गेली. बघते तर पाय मशीनवर सातच्या तालात चालला होता, चार आणि तीन, चार आणि तीन. तुला दाखवली ती शिवण. तू हसून हसून कॉटवर आडवी झालीस आणि मग तो ब्लाउज उसवायला माझ्याबरोबर बसलीस. ते गिऱ्हाईक तू होतीस म्हणून बरं.

आणि मग बाळू.

खोक्याच्या तळाशी ती दोन सीड्यांची जोडी होती. एकीवर काळं झाड, एकीवर पांढरं. आकडा कुठंच नाही, आतली पुस्तिका उंदरांनी खाल्लेली. काळी वर होती म्हणून तू काळी आधी लावलीस. इंग्रजी तुझं लॅबच्या रिपोर्टापुरतं, माझं दहावीपुरतं, पण दोघींनी मिळून गोष्ट जमवली. पहिल्या सीडीत एक म्हातारा दवाखान्यात पडलाय. आठवतंय त्याला कायकाय. मग तो मरतो, शेवटी मशीनचा टी-टी आवाज लांबत जातो आणि सगळं शांत. दुसऱ्या सीडीत मूल रडतं, आई अंगाई म्हणते, पोरगा मोठा होतो, बापाशी भांडतो आणि एका सकाळी दार उघडून घराबाहेर पडतो. ते शेवटचं गाणं. आधी पावलं वाजतात, मग गिटार, मग एकेक करून सगळेच त्याच्या मागं निघतात आणि ते वाढतच जातं, वाढतच जातं. त्याचं नाव गाण्यात कुठं नव्हतं, म्हणून तू बाळू ठेवलंस. आपल्या दोघींना तो अल्बम इतका लागला की घरात कोणी आजारी पडलं तरी तू विचारायचीस, "बाळू दाराशी आला का?" म्हणजे बरं वाटतंय का.

बाळू मेला आणि परत जन्माला आला, असं आपण वर्षानुवर्षं ऐकलं. कोणाला म्हणून शंका आली नाही. माणूस मरतो आणि मग जन्मतो, त्यात आपल्या कडावात कोणाला काय चुकीचं वाटणार? सचिन पण मुकाट ऐकायचा. मग कधीतरी त्यानं नेटवर शोधलं आणि पुढच्या रविवारी असा चेहरा घेऊन आला की मला वाटलं कारखाना बंद पडला. "ताई, आपण उलटं ऐकतोय. पांढरं झाड पयलं हाय. तो आधी जन्मतो, शेवटाला मरतो. दुसरा जन्म बिन्म काय नाय त्यात."

तू आधी हसलीस. मग म्हणालीस, "बरं. मग?"

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते तसंच राहिलं, रेखा. माझं म्हणणं साधं होतं. ज्यांनी बनवलं त्यांनी विचार करून क्रम लावला असेल. मी ब्लाउज शिवते, कोणी बाही गळ्याला लावून फिरलं तर मला चालेल का? तू म्हणायचीस, "त्यांनी बनवलं, कबूल. ऐकलं कोणी? आपण. त्यांचा बाळू दवाखान्यात संपतो. आपला दार उघडून जातो. मला आपला पायजे." मी म्हणायचे, हा हट्ट आहे. तू म्हणायचीस, "हायच." आणि परत काळं आधी लावायचीस. एकदा तू कंपनीत असताना मी एकटीनं पांढरं आधी लावून बरोबर क्रमानं ऐकलं. तुला सांगितलं पण. तू पोह्यावर कोथिंबीर पेरत विचारलंस, "कसं वाटलं?" मी म्हटलं, बरोबर वाटलं. "बरोबर वाटलं का चांगलं वाटलं?" मी ताटल्या मांडायला लागले, तूही परत विचारलं नाहीस.

दुसरं भांडण त्या काळ्या सीडीतल्या शेवटाकडच्या गाण्याचं. म्हातारा मरायला टेकतो तिथं तो गायक गाणं सोडून घशातून गुरगुरायला लागतो. मला ते कधी सोसलं नाही. तू मेटलचे कितीतरी अल्बम ऐकवलेस, बाकी सगळं पचलं, पण तो आवाज आला की मी चहा ठेवायला उठायचे. "वैनी, बस." "अगं, ओकतोय तो. चिडून ओकतोय." "चिडलेला नाय गं तो," एवढंच तू म्हणायचीस. मग काय झालंय त्याला, ते काही सांगायची नाहीस. तुझी ही सवय मला कधी आवडली नाही. माणसानं सांगून मोकळं व्हावं.

आता परवाचं सांगते.

रविवार आला. दूध डेअरीला गेलं आणि ती वेळ झाली. सचिन येऊन ओट्यावर बसला होता, भेटायला म्हणून, आणि मान वर करून बघत नव्हता. तुझी लॅबमधली जयश्री पण आली. दोघं नुसती बसलेली. आत आई चटईवर, तेच म्हणत. "काय बघितलं गं माझ्या पोरीनं." मला राहवेना. मी तुझ्या दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आज ऐकणं लावायचं.

"सुतकात?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "गाव तोंडात शेण घालील आपल्या."

"संध्याकाळी भजनी मंडळ येतं. टाळ वाजतात, पेटी वाजते. ते चालतं?"

"ते देवाचं हाय."

"हे रेखाचं हाय."

दादा तुझा, तुला माहीतच आहे, वाद हरला की खिशात हात घालून उभा राहतो. तसा राहिला. मी आईंजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, तुमी रोज इचारता ना, काय बघितलं तिनं. बघितलं नाय, ऐकलं तिनं. चला, तुमाला ऐकवते."

मला वाटलं हात झटकतील. पण त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, माझ्या खांद्याला धरून मागच्या खोलीत आल्या आणि तुझ्या कॉटवर बसल्या. पेंडीच्या पोत्यावर दादा बसला, दाराशी जयश्री. सचिननं फोन तांदळाच्या डब्यावर ठेवले, कोणी न सांगता.

मग त्यानं ती जोडी काढून माझ्या हातात दिली. हळूच म्हणाला, "वैनी, बरोबर क्रमानं लावायचं का? तुमचंच म्हणणं व्हतं." खरंच होतं गं. इतकी वर्षं मी तेच सांगत आले. आणि आता तू अडवायला नव्हतीस. पांढरं आधी लावलं असतं तर शेवटाला दवाखाना आला असता, ते मशीन आलं असतं, आणि मग शांतता, आणि समोर तुझी आई. मी काळं झाड लावलं. सचिननं नुसती मान हलवली. दादानं उठून आवाज बारीक केला आणि परत पोत्यावर जाऊन बसला.

आई ऐकत होत्या की नाही, कळेना. डोळे मिटलेले. आणि मग तो आला, तो घशातला आवाज. सवयीनं माझे पाय उठायला निघाले. पण आईंचा हात माझ्या हातात होता, म्हणून उठले नाही. पहिल्यांदाच ते मी पूर्ण ऐकत होते. आईंनी डोळे उघडले. कायदा मोडून बोलल्या, "कोन मेलंय गं ह्याचं?"

"तोच मरतोय, आई. चिडलाय."

"चिडलाय नाय," आई म्हणाल्या. "गळा काढलाय त्यानं. त्याला काढता येतोय. मला येत नाय गं."

आणि मग आला. तू गेल्यापासून आत अडकलेला तो सगळा गळा आईंनी तिथं काढला, रेखा. त्या माणसाच्या आवाजाच्या वर. ड्रम चालू, गिटार चालू, आणि तुझी आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडली. कोणी "उगी" म्हटलं नाही, कोणी पाणी आणायला धावलं नाही, कारण मधे उठायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दादा पोत्यावर बसून रडत होता. मी पण. तो गायक आमच्याबरोबर होता, खरं सांगते. मग मशीन लांबलं, शांत झालं, आणि आई पण हळूहळू शांत झाल्या.

ह्याच्यासाठी तू मला बस म्हणत होतीस, हो ना? कळलं गं. सांगून कळलं नसतं, हे पण कळलं.

सचिननं पांढरं लावलं. मूल रडलं तशा आई उठून बसल्या. अंगाईला त्यांची मान आपोआप हलायला लागली. भाषा कळत नव्हती, पण अंगाई कळायला भाषा कशाला लागते. बापाशी भांडण आलं तेव्हा त्यांनी दादाकडे असं बघितलं की तो खाली बघायला लागला. आणि मग शेवटचं गाणं. दार उघडलं, पावलं वाजली, गिटार निघाली. मग ड्रम, मग तो बाईसारखा पेटीचा आवाज, एकामागून एक. मी ते किती वेळा ऐकलंय, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तो चालला होता. बाळू चालला होता आणि अख्खा ताफा त्याच्या मागं. मला एकदम आनंद झाला, रेखा. सुतकात, त्या खोलीत, छाती भरून आनंद. लाज नाही वाटली. तुझं आयुष्य रिकामं होतं असं म्हणणारा एक पण माणूस त्या क्षणी समोर आला असता तर मी त्याला कॉटवर बसवून ऐकवलं असतं.

संपलं.

"मग फुडं?" आईंनी विचारलं. "फुडं काय झालं त्याचं?"

"फुडं काय नाय, आई. घरातनं निघाला. एवढंच हाय."

आई स्पीकरकडे वळल्या. "रेखा हे ऐकायची? हितं बसून?"

"दर रविवारी."

"आनि तिला काय व्हायचं ह्या शेवटाला?"

मी सांगितलं. डोळे मिटून बसायचीस, ओठ घट्ट दाबायचीस आणि शेवटाला हसायचीस, अगदी दरवेळी. जयश्री म्हणाली, सोमवारी कंपनीत पण तशीच यायची. सचिन म्हणाला, स्कूटीवर पण गुणगुणत जायची.

आईंनी पदरानं तोंड पुसलं. दोन्ही हातांनी, चांगलं खसाखसा.

"सुखात व्हती की गं माझी पोर," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

मग त्या तुझ्या दादाकडे वळल्या. "आवाज कशाला बारीक केलास रं? गावाला ऐकू जाईल म्हनून? जाऊंदे की. परत लाव."

"आई, सुतक..."

"लाव म्हनते ना."

लावलं, रेखा. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, काळं झाड आधी.